आशीर्वचनाआधी

दोन वर्षं मी आशीर्वचनाला थांबले नाही.
शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं लागलं
की पिशवी उचलायची, पदर सारखा करायचा,
आणि दाराकडे.
लोक म्हणत, मकासरेबाईंना पाणी भरायचं असेल.
आमच्या सोसायटीत पाणी दिवसभर असतं,
हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझ्या मुलाचं नाव शांतवन.
सासऱ्यांनी ठेवलेलं, नेवाशाला,
घरात लागोपाठ दोन मरणं झाली
आणि तिसऱ्या वर्षी हा आला म्हणून.
कंपनीत त्याला शान म्हणायचे.
मला नाही आवडायचं.
रबाळ्याला नोकरी, वय सव्वीस, कावीळ, नऊ दिवस.
याहून लांब मला सांगता येत नाही.

मग जो तो दारात उभा राहून म्हणे,
ताई, प्रभू तुमचं शांतवन करो.
केलं होतं की, मी मनात म्हणे.
दिलं होतं, आणि परत नेलं.
दर रविवारी पाळक हात वर करून
तोच शब्द उच्चारत,
आणि मला वाटे, कुणी हजेरी घेतंय
आणि वर्गात कुणी उभं राहत नाही.

आमची मंडळी भरते ऐरोलीत, समाजमंदिराच्या हॉलमध्ये.
शनिवारी लग्न, रविवारी आम्ही.
कितीही झाडा,
सतरंजीच्या कडेला अक्षता उरतातच,
व्यासपीठामागे थर्माकोलचा अर्धा मोर.
चपला बाहेर.

त्या रविवारी मी नेहमीसारखी बाहेर आले
तर माझ्या चपला जागेवर नाहीत.
म्हणजे होत्या, पण चालत होत्या.
रणभिसेंची दीड वर्षांची नात
त्यांत पाय घालून पॅसेजभर
फटक फटक फटक.
दे गं बाई, म्हटलं.
"माज्या," ती म्हणाली.

आता वाद कुणाशी घालणार?
चौकटीला टेकले.
तोंड रस्त्याकडे, पाठ आत.
गीत संपलं. पंख्यांची घरघर राहिली.
मागून पाळकांचा सर्दीनं बसलेला आवाज आला,
आणि त्यात तो शब्द आला.

मी कळ यायची वाट पाहिली.
इथे येते, डाव्या बरगडीखाली.
आली. नाही असं नाही.
पण कढत पाण्यात हात घातल्यावर
आधी चटका बसतो आणि मग कळतं, ही ऊब आहे,
तसं काहीतरी पाठीवर उतरलं.
पाठीवर. मी तोंड फिरवून उभी असताना.
देवाचं बहुधा
माझ्या तोंडावाचून अडलं नव्हतं.

एका शब्दाचे तेव्हा दोन झाले.
एक माझा पोरगा.
त्याला मी कुणाला देणार नाही, देवालाही
त्याच्याबद्दल अजून विचारायचं आहे मला.
आणि दुसरा तो, जो सगळ्यांचा,
या पोरीचा, पंखे बंद करायला येणाऱ्या शिपायाचा,
आणि माझाही.
दोन वर्षं मी देवाला
त्याचाच शब्द वापरू देत नव्हते.

आमेन, म्हटलं.
आवाज असा चिरका निघाला
की पोर दचकून चपलांतून बाहेर पडली.

चपला घालताना पाहिलं,
टाचेला चार दाणे चिकटलेले, कुंकवाचे.
कुणाच्या लग्नातले, कोण जाणे.
कुणावर तरी उधळलेले,
नेम चुकून खाली पडलेले.
झटकणार होते.
मग रुमालाच्या कोपऱ्यात बांधले.

घरी आल्यावर भाताला तांदूळ घेतले.
रोज हात तीन वाट्या घेतो,
मग मी थबकते, एक परत डब्यात ओतते,
आणि यांच्याकडे बघत नाही.
त्या दिवशीही हातानं तीनच घेतल्या.
थबकले.
परत ओतली नाही.

भात जास्तच झाला.
यांनी ताटावरून वर पाहिलं.
म्हटलं, खाली वॉचमन आहे ना,
तो झारखंडचा, एकटाच असतो,
त्याला नेऊन द्या.
गरम आहे तोवर.